तीन ठोक्यांचा प्रोग्रॅम

आमच्या गच्चीच्या दाराआड जी काठी उभी असते, तिची लांबी एकशे बारा सेंटिमीटर आहे आणि तिचं खालचं टोक एका बाजूने साधारण तीन मिलिमीटर झिजलेलं आहे. काठी सरळ आपटली असती, तर टोक सपाट झिजलं असतं. ते तिरपं झिजलं, कारण आपटणारा माणूस उजव्या गुडघ्यावर भार देत नसे आणि किंचित डावीकडे कलून उभा राहत असे. एकोणीस वर्षं, रोज तीन ठोके. लाकूड शिसवी असल्यामुळे तेवढ्यावर निभावलं.

काठी आमच्या ह्यांची. इमारतीत बारा घरं आणि गच्चीवर एक टाकी. रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर जायचं, पंप चालू करायचा, काठी टाकीत बुडवून पाणी कुठल्या खाचेपर्यंत आलं ते बघायचं, काठावर चार बोटं जागा उरली की पंप बंद करायचा, आणि मग टाकीतून निघणाऱ्या लोखंडी पाइपवर काठीने तीन ठोके द्यायचे, हे काम ह्यांचं. तो पाइप बाराही स्वयंपाकघरांतून खाली जातो. त्यामुळे तीन ठोके बारा ठिकाणी एकदम ऐकू येत आणि माणसं पाणी भरायला उठत. तळमजल्याच्या आजी ठोक्यांवर रक्तदाबाची गोळी घेत. पहिल्या मजल्यावरचे शिक्षक ठोक्यांवर मुलांना उठवत. मी ठोक्यांवर चहा टाकत असे. गच्चीपासून आमच्या दारापर्यंत अडतीस पायऱ्या, आणि ह्यांचा गुडघा धरून चार मिनिटं लागत. चहाला उकळी यायला तेवढीच.

गेल्या वर्षी हे गेले. दवाखान्यात दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी इमारतीत पाणी नव्हतं, कारण टाकी भरायची असते हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन वर गेले. घरात माणसं बसायला येत होती, त्यांना हात धुवायला तरी पाणी हवं. तात्पुरतं, असं मनाशी म्हटलं होतं.

प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काम केल्यामुळे तात्पुरत्या व्यवस्थांबद्दल मला थोडी माहिती आहे. आमच्या कॉलेजात एका गळक्या नळीला मी दोऱ्याने बोळा बांधला होता, तो माझ्या निवृत्तीच्या दिवशीही तिथेच होता.

दर रविवारी मुलीचा फोन येई. ती दूरच्या शहरात नोकरी करते, एकटी राहते. दोन खोल्यांच्या घरातली एक तिने माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती. ती विचारी, "आई, कधी येतेस?" मी म्हणे, "टाकीची सोय लागली की लगेच." एकदा ती म्हणाली, "आई, अख्ख्या इमारतीत तुझ्याशिवाय कुणाला हात नाहीत का?" मी म्हटलं, "हात आहेत गं. गुडघे नाहीत."

हे पूर्ण खरं नव्हतं. गुडघेही होते. मी पाळ्या लावून पाहिल्या. रीतसर तक्ता करून जिन्यात चिकटवला, प्रत्येक घराला वेगळा रंग. पहिल्या आठवड्यात सोमवारी शिक्षक झोपून राहिले, मंगळवारच्या माणसाने पंप चालू केला आणि तो तसाच ठेवून कामावर गेला, बुधवारची बाई टाकीत डोकावली तर तिला चक्कर आली. गुरुवारी तक्त्यावर कुणीतरी निळ्या शाईने लिहिलं होतं, 'वहिनींसारखं कुणालाच जमत नाही.' खाली दोन सह्या होत्या. स्तुती करून माणसाला कामाला जुंपण्याची ही पद्धत किती कमी खर्चाची आहे, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

सल्ले मात्र भरपूर आले. सर्वांत जास्त तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरांकडून. ते इंजिनिअर नाहीत. आयुष्यभर विमा कचेरीत होते, पण त्यांच्याकडे ड्रिल मशीन असल्यामुळे इमारतीने ही पदवी दिली आणि त्यांनी ती नम्रपणे स्वीकारली. ते म्हणाले, "वहिनी, बॉलकॉक बसवा. चेंडू वर आला की पाणी बंद. निसर्गनियम आहे."

"ह्यांनी दोनदा बसवला होता. दोन्ही वेळा अडकला."

"तुम्ही माझ्या हातचा बसवून बघा."

त्यांच्या हातचा नवव्या दिवशी अडकला. निसर्गनियमाला अपवाद असतो असं ते म्हणाले. विज्ञानाच्या माणसाला काही वाक्यं ऐकून गप्प बसायची सवय करावी लागते.

मग वाचनालयाच्या फळ्यावर मी सूचना पाहिली: 'संगणक प्रोग्रॅमिंगची तोंडओळख. वयाची अट नाही. दर शनिवारी सकाळी आठ ते दहा.' खाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, 'दिवे, पंखे, पंप चालवायलाही शिकवतात.' पंप हा शब्द मी दोनदा वाचला आणि नाव दिलं.

वर्गात आम्ही नऊ जण होतो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी लहान निघाल्या. मला त्या काकू म्हणत आणि मी त्यांना मॅडम म्हणे. यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. तिसऱ्या शनिवारी त्या लूपवर आल्या. म्हणाल्या, "एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल, तर ते पुन्हा पुन्हा लिहायचं नाही. एकदा लिहायचं आणि कितीदा करायचं ते सांगायचं. किंवा कधी थांबायचं ते सांगायचं. दुसरं विसरलात, तर संगणक थांबत नाही. त्याला कंटाळा येत नाही."

मी वहीत लिहिलं: कंटाळा येत नाही.

"रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण सांगा," मॅडम म्हणाल्या. एकाने जिना सांगितला, एकीने पोळ्या लाटणं. मी अनुमापन सांगितलं. चंचुपात्रात आम्ल असतं, वरून थेंब थेंब अल्क सोडायचं, रंग गुलाबी होईपर्यंत सोडत राहायचं, गुलाबी झाला की थांबायचं.

"छान! आणि रंग बदलला का, हे कधी बघायचं?"

"प्रत्येक थेंबानंतर," मी म्हटलं. हे न पाळणाऱ्या मुलांना मी तेहतीस वर्षं रागावत आले होते. एकदाच बघून मग वरच्या नळीवर हात ठेवून मैत्रिणीशी गप्पा मारणाऱ्या मुली मला डोळे मिटूनही ओळखू येत. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं आणि त्यापुढे माझं नाव टाकलं. त्या दिवशी घरी येताना माझी चाल जरा बदलली होती, हे मी कबूल करते.

गच्चीवर यंत्र बसवायला सोसायटीची परवानगी लागणार होती. आमच्या सेक्रेटरींना सगळे ठरावसाहेब म्हणतात. त्यांच्या घरात भाजीसुद्धा सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय शिजत नाही. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वहिनी, अर्ज उत्तम आहे. फक्त अशा अर्जावर पंप प्रमुखांची शिफारस लागते."

"पंप प्रमुख तर हे..."

"हो. म्हणजे, रजिस्टरात अजून त्यांचंच नाव आहे." ते टेबलाकडे बघत म्हणाले. "घरच्यांनी लेखी कळवल्याशिवाय जागा रिकामी झाली असं धरता येत नाही. मी विचार केला, तुम्ही कळवाल. घाई कशाला करायची."

मी विचार केला होता, नाव ते काढतील. गेले कित्येक महिने आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत होतो. दर महिन्याच्या सभेत ठरावसाहेब हजेरी घेत. पहिल्या सभेत त्यांनी सवयीने 'पंप प्रमुख' पुकारलं आणि जीभ चावली. सगळे जमिनीकडे बघू लागले. ती शांतता मला सहन झाली नाही, म्हणून मी म्हटलं, "हजर." पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा पुकारलं, आता न पुकारणं वाईट दिसलं असतं म्हणून. मी पुन्हा म्हटलं, "हजर." मग ती पद्धतच पडली.

जागा रिकामी झाल्याचं कळवायचा छापील कागद त्यांनी माझ्या हातात दिला. तो मी घरी नेऊन खणात ठेवला. आणि अर्जावर शिफारस म्हणून 'पंप प्रमुखांकरिता' असं लिहून माझी सही केली. अर्ज मंजूर झाला.

यंत्र म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढं एक सर्किट बोर्ड, टाकीत सोडलेला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, आणि पंपाला जोडलेला एक स्विच. वायरमनने ते प्लॅस्टिकच्या डब्यात घालून गच्चीच्या भिंतीवर बसवलं. सारखा म्हणत होता, "ताई, हे तुम्ही लिहिलंय? स्वतः?" आणि प्रत्येक वेळी डब्यापासून एक पाऊल मागे सरकत होता.

तेवढ्यात तळमजल्याच्या आजी काठी टेकत गच्चीवर आल्या. चार मजले चढून त्या सहा वर्षांत पहिल्यांदा आल्या होत्या. श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "पाणी आपोआप भरेल ते ठीक आहे गं. पण ठोके कोण देणार? मी गोळी कशावर घ्यायची?"

"आजी, घड्याळावर घ्या."

"घड्याळ काय, कधीही वाजतं. ते माणूस आहे का?"

या वाक्यात नक्की कुठे चूक होती ते मला सापडलं नाही. बाकीची घरंही आजींच्या बाजूने उभी राहिली. मग वायरमनने जुन्या शाळेच्या घंटेतली हातोडी आणली, ती छोट्या मोटरवर बसवून पाइपशेजारी लावली, आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये एक लूप वाढला: टाकी भरली की हातोडी तीनदा आपट.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला पंप आपोआप चालू झाला. मी स्वयंपाकघरात उभी होते. सात वाजून सात मिनिटांनी पंप थांबला आणि ठोके पडले. एक. दोन. तीन. चार.

चौथ्या ठोक्याचं महत्त्व सांगायला हवं. तीन ठोके म्हणजे टाकी भरली. चार ठोके म्हणजे पाणी बिघडलं, साठवलेलंही ओतून द्या आणि नळ सोडून ठेवा. ह्यांनी एकोणीस वर्षांत चार ठोके दोनदाच दिले होते. एकदा टाकीत कबूतर पडलं होतं आणि एकदा गिलावा. पण इमारत विसरली नव्हती. जी माणसं स्वतःच्या पाळीचा दिवस लक्षात ठेवू शकली नाहीत, त्यांनी दहा मिनिटांत बारा घरांतलं पाणी ओतून दिलं. शिक्षकांनी मुलांच्या दप्तरातल्या बाटल्या रिकाम्या केल्या. आजींनी गरम पाण्याची पिशवी आणि फुलदाणीही ओतली. मग सगळ्यांनी नळ सोडून ठेवले आणि भरलेली टाकी सव्वाआठपर्यंत कोरडी झाली.

जिन्यात सभाच भरली. इंजिनिअर टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच, वरच्या पायरीवर उभे होते. "वहिनी, तुम्ही त्याला तीन सांगितलं होतं ना?"

"तीनच सांगितलं होतं."

"मग तो चार का मोजतो?"

"तो शून्यापासून मोजतो. मी शून्यापासून तीनपर्यंत असं लिहिलं. शून्य, एक, दोन, तीन. मोजून बघा, चार होतात."

इंजिनिअरांनी साबणाच्या बोटांवर दोनदा मोजून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "मी म्हटलं होतं, बॉलकॉक."

त्या दिवशी मी काठी घेऊन टाकी पुन्हा भरली आणि रीतसर तीन ठोके दिले. रात्री नव्हे, भर दुपारीच बसून दुरुस्ती केली. तीनऐवजी 'तीनच्या आत' एवढाच बदल हवा होता. पण अपमान झालेल्या माणसाने लगेच काम करायला बसू नये. मी ओळी वर-खाली केल्या, आणि 'मोजणी शून्य' ही ओळ लूपच्या बाहेर होती ती आत गेली. याचा अर्थ असा की हातोडी एक ठोका देणार, मोजणी एकावर येणार, आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला ती पुन्हा शून्य होणार. मग पुन्हा एक. मग पुन्हा शून्य. तीन कधीच होणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके पडले. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

बाहेर दारं उघडल्याचे आवाज आले. "अहो, आता किती झाले?" "नऊ!" "नऊ म्हणजे काय?" "नऊ म्हणजे इमारत सोडा!" असं कुणीतरी ओरडलं आणि कुणीतरी हसलं.

मला अडतीस पायऱ्या चढून बटण बंद करायचं होतं. मी उठलेही होते. तेव्हा माझं लक्ष ओट्याकडे गेलं. ओट्यावर दोन कप होते.

मी चहा टाकला होता. कधी, ते मला आठवत नव्हतं. आदल्या दिवशी चौथ्या ठोक्याने दचकायला झालं आणि गोंधळात काही कळलंच नाही. पण त्याआधी जवळजवळ अकरा महिने ठोके मीच देत होते, वर उभी राहून, काठी हातात धरून. वरून तो नुसता लाकडाचा आवाज असतो. खाली, स्वयंपाकघरात, पाइपमधून येणारा तो आवाज मी हे गेल्यापासून ऐकलाच नव्हता. तो ऐकू आला आणि माझ्या हातांनी एकोणीस वर्षांचं काम केलं. चार मिनिटांत कुणीतरी खाली येणार होतं.

मी खुर्चीवर बसले. ठोके चालू होते, सेकंदाला एक. मी मनात त्यांचे तीन-तीनचे गट करत होते. तीन, आणि टाकी भरली. तीन, आणि टाकी भरली. प्रत्येक तीननंतर ते निघाले, असं म्हणता येत होतं. पायऱ्या उतरायला मात्र वेळ मिळत नव्हता.

ओट्यावरच्या घड्याळाप्रमाणे मी अकरा मिनिटं बसले. बारा घरं वैतागली होती, आजींनी दोन गोळ्या घेतल्या की काय याची चौकशी करायला शिक्षक खाली धावले होते, आणि मी बटण बंद करायला गेले नाही. शेवटी इंजिनिअरांनी गच्चीवर जाऊन तिथली वीज तोडली. नंतर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरात नव्हता वाटतं."

"होते," मी म्हटलं. "जरा उशीर झाला."

त्यानंतर प्रोग्रॅम नीट झाला. तीन म्हणजे तीन. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. आजी खूश. वायरमनने दुसऱ्या इमारतीला माझं नाव सांगितलं. गच्चीवर जायचं काम उरलं नाही, काठी दाराआड उभी राहिली. रविवारी मुलीने विचारलं, "आई, कधी येतेस? टाकीची सोय लागली ना?"

मी म्हटलं, "थोडी सुधारणा बाकी आहे."

पुढच्या रविवारी, "अजून काही दिवस नजर ठेवायला हवी." त्याच्या पुढच्या रविवारी, "प्रोग्रॅम चालतो गं, पण नीटनेटका नाही."

हे बोलल्यावर तो नीटनेटका करणं भाग पडलं. चालता प्रोग्रॅम मी उघडला. पाण्याची पातळी वाचण्याची ओळ लूपच्या आत होती. म्हणजे पंप चालू असेपर्यंत दर क्षणाला पातळी वाच, खुणेपेक्षा कमी असेल तर चालू राहा. मला वाटलं, एकच गोष्ट इतक्यांदा कशाला वाचायची? ती ओळ मी लूपच्या बाहेर, सुरुवातीला नेली. पान फार सुरेख दिसू लागलं.

तो शनिवार होता. सकाळी पंप चालू झालेला ऐकला आणि मी ठोक्यांची वाट न बघता वर्गाला निघाले. विश्वास बसला होता म्हणून, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. एरवी गच्चीला कुलूप नसे, त्या दिवशी मी लावलं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि फोन, वर्गाच्या नियमाप्रमाणे, बंद. नऊच्या सुमाराला मी वर्गात शेजारच्या बाईंना लूप कसा तपासावा ते समजावत होते, आणि घरी यंत्राने सकाळी एकदा वाचलेल्या पातळीवर भरवसा ठेवला होता: टाकी रिकामी आहे. ती भरली, काठावरून वाहू लागली, गच्चीवर घोटाभर पाणी साचलं, जिन्यावरून पायरी पायरीने उतरलं. यंत्राच्या लेखी टाकी रिकामीच होती.

मी परत आले तेव्हा इंजिनिअरांच्या छताला मोठा ओला डाग पडला होता आणि त्यातून थेंब थेंब गळत होतं. त्यांनी खाली बादली ठेवली होती, शेजारी स्टूल घेऊन बसले होते. मला वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "बसा वहिनी. दुसरं स्टूल आहे आत." आम्ही दोघं थोडा वेळ बादलीकडे बघत बसलो. बॉलकॉकचं नावही त्यांनी काढलं नाही. ते काढतील तर बरं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलीचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. आजींच्या फुलदाणीवर ती पूर्वीच हसली होती, आता जिन्यातल्या धबधब्यावर हसली. मग म्हणाली, "बरं आई, ठेवू?"

शेहेचाळीस रविवार तिने विचारलं होतं. मी मोजले आहेत. हा सत्तेचाळिसावा.

"काही विचारायचं नाही का?" मी म्हटलं.

"काय विचारू?"

"नेहमीचं."

"नको आई. मला उत्तर पाठ झालंय." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तीच पुढे म्हणाली, "तुला वाटतं, मी तुला सांभाळायला बोलावते. तसं नाही गं. इथे बाबांना ओळखणारं कुणीच नाही. ऑफिसात सगळे चांगले आहेत. पण बाबा कसे होते हे त्यांना सांगायला लागलं की माहिती दिल्यासारखं होतं. मला कुणाला सांगायचं नाहीये. ज्याला माहीतच आहे अशा कुणाबरोबर नुसतं बसायचंय. असो. तू टाकी बघ."

सोमवारी मी प्रोग्रॅमचा कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी तो वाचला, आधीचा मागितला, तोही वाचला. दोन्ही शेजारी ठेवले.

"काकू, हा आधीचा चालत होता ना?"

"होता."

"मग हात का लावलात?"

मी दोन्ही कागदांच्या कडा जुळवू लागले. त्या वाट बघून म्हणाल्या, "लूप थांबत नसेल तर मी एकच प्रश्न विचारते. आत काय बदलतंय? इथे बघा. पंप चालू, पंप चालू, पंप चालू. टाकीत पाणी वाढतंय, पण तुमचा प्रोग्रॅम टाकीकडे बघतच नाही. त्याला जे सुरुवातीला दिसलं, तेच तो धरून बसलाय." मग हसून म्हणाल्या, "आणि प्रत्येक थेंबानंतर बघायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत."

तेहतीस वर्षांत मी सुमारे दोन हजार मुलांना त्यासाठी रागावले असेन. मी ओळ उचलून परत लूपच्या आत ठेवली. अर्धं मिनिट लागलं. ती मी बाहेर काढली तेव्हा ती चूक होती की आणखी काही, हे मी आजही खात्रीने नोंदवू शकत नाही. माझ्या वहीत त्या दिवसासमोर फक्त तारीख आहे.

मंगळवारी आणि बुधवारी ठोके बरोबर तीन पडले. मी एकच कप घेतला. बुधवारी संध्याकाळी सभा होती.

सभा नेहमीप्रमाणे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर रजिस्टर. विषय एकच होता: गच्चीवरील यंत्र. मी तयारीने गेले होते. यंत्र कसं चालू-बंद करायचं, बिघडलं तर काय करायचं, किल्ली कुणाकडे, हे दोन पानं स्वच्छ अक्षरात लिहून आणलं होतं. खणातला छापील कागदही भरून पिशवीत ठेवला होता. तो काढायचा की नाही, हे मात्र जिना उतरेपर्यंत ठरलं नव्हतं.

मी बसायच्या आतच सगळे माझी समजूत घालू लागले. शिक्षक म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. यंत्र ते यंत्र." बुधवारची चक्कर आलेली बाई म्हणाली, "तुमच्या हाताची सर त्याला कुठली!" आजी म्हणाल्या, "आता उद्यापासून तूच काठी घे बाई. तुझ्या ठोक्यांत जीव होता."

इंजिनिअर शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांच्या घराचं छत अजून ओलं होतं, तेव्हा त्यांना बोलायचा सर्वांत जास्त अधिकार. त्यांनी घसा साफ केला. "यंत्र कालपासून बरोबर चालतंय," ते म्हणाले. "मी दोन्ही दिवस वर जाऊन काठी बुडवून पाहिली. चार बोटं. मला जमतं बघायला." आणि माझ्याकडे न बघता खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले.

"पण वहिनी आहेत तोवर—" शिक्षक म्हणाले.

"प्रथम हजेरी," ठरावसाहेब म्हणाले. "मग चर्चा." त्यांनी रजिस्टर उघडलं आणि ठरलेल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. अध्यक्ष. हजर. खजिनदार. हजर. जिना व दिवाबत्ती. हजर. नावागणिक पेनाने एक बारीक खूण. बारा महिने तीच नावं, तोच क्रम, त्याच जागी तोच अर्धा सेकंद थांबणं.

"पंप प्रमुख."

मी उठून उभी राहिले. हजेरीला कुणी उभं राहत नाही, त्यामुळे ठरावसाहेबांचं पेन वरच राहिलं. मी पिशवीतून छापील कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर दोन पानं यंत्राची ठेवली, आणि त्यावर गच्चीची किल्ली.

"गैरहजर," मी म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा आला. "ते आता येणार नाहीत. नाव काढा. आणि पहिल्या तारखेपासून मीही इथे नसेन. मी मुलीकडे राहायला जाते आहे. किल्ली इंजिनिअरांकडे द्या. काठी तेवढी मी घेऊन जाईन."